काट्यात खोट नव्हती

बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला त्याच्या बायकोने सांगितलं, की माझं वजन दीड महिन्यात साडेसहा किलो उतरलं, तर त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न काय येईल? काटा कुणाचा!

काटा भाग्यश्रीचा होता. भाग्यश्री समोरच्या इमारतीत राहायची. नवरा सकाळी सातच्या कंपनीच्या बसने हिंजवडीला गेला, की ही घरबसल्या हिरव्या डब्यातला बारीक होण्याचा हर्बल चहा विकायची. दर रविवारी तिच्या हॉलमध्ये सोसायटीतल्या बायका जमायच्या, एकेक करून काट्यावर चढायच्या आणि आकडा उतरला की टाळ्या. त्या बायकांत श्यामसुंदर देवधरांची उल्काही होती. वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि रक्तदाबासाठी रोज सकाळी एक लघवीची गोळी ठरलेली.

"अहो, सगळं नैसर्गिक आहे त्यात," उल्का म्हणाली.

"धोतराही नैसर्गिकच असतो," देवधर म्हणाले आणि पेपर उलटला. बोलले ते लाखाचं, पण स्वतःचंच बोलणं स्वतः ऐकायची सवय या माणसाला कधी नव्हती.

उल्का सकाळपासून चार वेळा संडासात जायची. भाग्यश्री म्हणायची, "काकू, घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे." दुपारी उल्काच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. पोळ्या लाटता लाटता ती ओटा धरून उभी राहायची. देवधरांना हे सगळं दिसत होतं बरं का! पण दिसणं वेगळं आणि लक्ष जाणं वेगळं. त्यांचं लक्ष काट्यावर. मंडईत हा माणूस शिरला की तराजू आपोआप सरळ व्हायचे, अशी एके काळी ख्याती. पारड्याखाली चिकटवलेली चिंच त्यांनी पकडली होती, पोकळ केलेली वजनं पकडली होती. साडेसहा किलो! या बाईने काट्यात काहीतरी करून ठेवलंय, आणि आपली भोळी बायको टाळ्या घेतेय. देवधरांना झोप लागेना.

रविवारी सकाळी ते मंडईतल्या रामदासकडे गेले. रामदास कांद्याचा व्यापारी, जुना ओळखीचा. त्याच्याकडून सरकारी छाप मारलेली लोखंडी वजनं आणली, एकूण साठ किलो.

"काका, पोत्यात काय, सोनं?" रिक्षावाल्याने विचारलं.

"सोनं असतं तर तुझ्या मीटरवर विश्वास ठेवला असता का?"

भाग्यश्रीच्या हॉलमध्ये दहा-बारा बायका होत्या. देवधरांनी कुणाला नमस्कार केला नाही. काटा गालिच्यावरून उचलून फरशीवर ठेवला, गुडघे टेकले आणि एकेक वजन चढवू लागले. दहा, वीस, तीस. बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या. उल्का भिंतीला टेकून उभी होती.

साठ किलो चढवलं. काट्याने साठ दाखवलं. दहा काढलं, पन्नास दाखवलं. पुन्हा चढवलं, पुन्हा साठ. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

"काका, चहा घेता?" भाग्यश्रीने अगदी गोड आवाजात विचारलं.

देवधरांचं तोंड एवढंसं झालं.

घरी आल्यावर उल्का बोलली. ती सहसा बोलत नाही, म्हणून जास्त लागलं. "झालं समाधान? मी बारीक झालेली तुम्हाला बघवत नाही का हो? तीस वर्षं स्कूटरवर मागे बसले की चारचौघांत म्हणायचात, हिच्या वजनाने शॉकअप बसलं, शॉकअप बसलं. सगळे हसायचे. मीही हसायचे."

तो विनोद देवधरांना फार आवडायचा. आपण किती वेळा तो केला, हे आठवायला लागल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी ते भाग्यश्रीकडे गेले, माफी मागितली आणि नवीन डबा स्वतः विकत घेतला. सवयीने घरी त्याचंही वजन करून पाहिलं. डब्यावर लिहिल्याबरहुकूम, चोख.

दुसऱ्या दिवसापासून चहा तेच करू लागले. जन्मात ज्याने कधी बायकोला कप नेऊन दिला नव्हता, तो सकाळी ट्रे घेऊन उभा! आणि हात राखून काही करायचं त्यांना माहीत नव्हतं. एका पुडीच्या जागी दोन टाकल्या. उल्काने कप हातात घेतला तेव्हा ती इतकी खूश दिसली, की देवधरांनी संध्याकाळचाही कप सुरू केला.

चौथ्या दिवशी सकाळी उल्का ओट्यापाशी कोसळली.

"पोटॅशियम फार खाली गेलंय," दवाखान्यातली डॉक्टर निकिता म्हणाली. "हृदयाचे ठोके चुकताहेत. जुलाबाचं औषध घेतात का या?"

"छे! फक्त चहा," देवधर म्हणाले आणि पिशवीतून हिरवा डबा काढला.

डॉक्टरने एक पुडी फाडून त्यांच्यापुढे धरली. देवधरांनी चिमूटभर पाला जिभेवर ठेवला आणि जागच्या जागी थिजले. लहानपणी आई दर महिन्याला पोट साफ करायला हाच काढा नाक दाबून पाजायची. सोनामुखी! महिन्यातून एकदा, आणि तीही एवढीशी.

"गोळीने आधीच पाणी जातंय, त्यावर हे," डॉक्टर म्हणाली. "दिवसाला किती देत होता?"

देवधरांनी चार बोटं दाखवली.

सलाइन लागल्यावर दुपारी उल्काने डोळे उघडले. देवधर स्टुलावर बसले होते, डबा मांडीवर.

"काटा खरा होता ना हो?" तिने विचारलं.

"खरा होता."

"म्हणजे साडेसहा किलो खरंच गेले."

पाणी गेलं गं, ताकद गेली, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण ती त्यांच्याकडे इतक्या आशेने बघत होती, की ते तसेच राहिले.

"मग आता नाही ना म्हणणार?" उल्काने हळूच विचारलं. "ते शॉकअपचं?"