चोविसावं कार्ड

वाळू तीन भाग, जळकं इंजिन ऑइल एक भाग. ऊन वाढलं की ऑइल थोडं जास्त.

ट्रंकेतून काढलेल्या पँटला डांबरगोळ्यांचा वास येत होता. जमीलाने ती रात्रभर दोरीवर टाकली. वास गेला नाही.

फ्लेक्स मागच्याच वर्षीचा. 'चौदावी' या शब्दावर 'पंधरावी' लिहिलेला कागद चिकटवला. त्याचं एक टोक सुटलं.

सातव्या होलवर नीलगाय. उभी.

मनमाडहून फोन : "चाचा, मी येत नाही. वाट पाहू नका."

तेवीस.

*

धुळ्याहून अमळनेरकडे येताना, बंद पडलेल्या एका सूतगिरणीमागे नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. गिरणी धडधडत होती तेव्हा साहेब लोकांनी हौसेने आखलेलं. पाण्याचा इथे पहिल्यापासून खडखडाट, म्हणून होलभोवती हिरवळ नाही; वाळूत जळकं ऑइल कालवून थापलेलं काळपट वर्तुळ आहे. त्याला ब्राउन म्हणतात. त्यावरून माणूस चालला की पावलं उमटतात, बॉल गेला की रेघ उठते. म्हणून दर गटामागे कुणीतरी पाइपला बांधलेलं गोणपाट ओढत, मधून बाहेर, गोल गोल फिरून ते सारखं करायचं. तीस वर्षं हा कुणीतरी म्हणजे कादर.

दर फेब्रुवारीत इथे व्यावसायिकांची तीन दिवसांची स्पर्धा भरते. एकेकाळी साठ खेळाडू यायचे. धर्मशाळा पुरायची नाही. मग चाळीस. गेल्या वर्षी सव्वीस. केळीवाले प्रायोजक गेले, एक ट्रॅक्टरवाला आला, त्यानेही यंदा फक्त मंडप दिला. आणि डिसेंबरात संघटनेचं पत्र आलं : पहिल्या दिवशी खेळाडूंचे फटके मांडलेली चोवीस वैध कार्डं जमा झाली नाहीत, तर ही स्पर्धा क्रमवारीत धरली जाणार नाही आणि पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात तिला जागा नसेल.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी मनमाडच्या खेळाडूचा फोन येऊन गेला. स्पर्धेचे सचिव रुपचंदनाना गिरणीतून निवृत्त झालेले, बीपीची गोळी खिशात ठेवून फिरणारे. ते ब्राउनवर येऊन उभे राहिले. बुटांसकट.

"नाना, पाय," कादर म्हणाला.

नाना बाजूला झाले. "कादर, तुनं प्रोचं कार्ड चालू शे ना?"

"शे."

"मंग खेळ."

"आन ब्राउन?"

"आपला वना वढी. गोल गोल फिरानं, त्याले काय डोकं लागस?"

कार्ड खरंच चालू होतं. चोविसाव्या वर्षी कादर पिशव्या वाहणाऱ्या कॅडीचा प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, झाला होता. दोन हंगाम खेळला, एकदाही दुसऱ्या दिवसापुढे टिकला नाही, परत आला आणि गोणपाट धरलं. पण ओळखपत्राचं नूतनीकरण त्याने एकाही वर्षी चुकवलं नाही. का, हे विचारायचं त्याच्या बायकोने, जमीलाने, केव्हाच सोडून दिलं होतं.

कादरला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी वाटेल. छातीत धडधड, नाहीतर निदान भीती. काही झालं नाही. त्याने गोणपाट झटकलं आणि पाचव्या ब्राउनकडे गेला.

*

सकाळी पहिल्याच गटात कादर, सोबत दीपनगरचा धम्मपाल आणि इंदूरचा एकजण. धम्मपाल सत्तावीस वर्षांचा. वर्षभर अशाच बारक्या स्पर्धांतून गुण गोळा करत हिंडणारा. एवढे गुण पुरले तर पुढच्या हंगामात मोठ्या स्पर्धांची दारं उघडणार होती.

"चाचा, पँट कुठल्या सालची?"

"तुझ्या जन्माआधीची. अदबीने बोल तिच्याशी."

धम्मपाल त्या दिवशी फार चांगला खेळला. कादर ठीक खेळला. पण त्याचे कान मागे होते. तिसऱ्या ब्राउनवर त्याच्या जागी आलेला वना गोणपाट ओढत होता आणि बाहेरून आत येत होता. उलटा. तसं केलं की वाळू होलपाशी साचते, बॉल कडेवर चढून परत फिरतो. साठीचा वना, त्याला लांबून ओरडून सांगावं, तर समोर खेळाडू बॉलवर उभा. नऊ होल, मग तेच नऊ पुन्हा, आणि पूर्ण वेळ त्याच्या डोक्यात फक्त तिसऱ्या ब्राउनची साचलेली वाळू होती.

*

गोल्फमध्ये आपले फटके आपण मांडत नाही. सोबतचा मांडतो, त्याला मार्कर म्हणतात. शेवटी कार्डं ज्याची त्याला परत द्यायची आणि दोन सह्या करायच्या : डाव्या चौकटीत मार्कर, उजव्या चौकटीत खेळाडू. मग कार्ड पेटीत. पेटी म्हणजे गोडेतेलाचा डबा, वर फट पाडलेली.

इथे गट विषम झाला, एखादा खेळाडू एकटा उरला, की मार्कर म्हणून कादरच सोबत चालायचा. पंधरा वर्षांत किती कार्डांवर त्याने डावीकडे सही केली, मोजदाद नाही.

संघटनेने पंच एकच पाठवली होती, मृणाली म्हणून, पुण्याची. पूर्वी तिघं यायचे. कादरचा गट संपला तेव्हा ती सातव्या होलवर होती. तिथे कुणाचा तरी बॉल बोरीच्या काट्यांत अडकला होता. मंडपात टेबल, डबा आणि दोरीने बांधलेलं पेन. कादरने धम्मपालच्या कार्डावर डावीकडे सही केली. मग स्वतःच्या कार्डावर, धम्मपालच्या सहीखाली, परत डावीकडेच. धम्मपालचं त्याला दिलं, स्वतःचं डब्यात टाकलं आणि तो पळत तिसऱ्या ब्राउनकडे गेला.

*

साडेतीनला मृणालीने डबा उघडला. कार्डं लावली. मग कादरला बोलावलं.

"कादरभाई, हे तुमचं?"

त्याने पाहिलं. डाव्या चौकटीत दोन सह्या, एकावर एक. उजवी चौकट कोरी.

"हो मॅडम."

"खेळाडूची सही नाही. कार्ड पेटीत टाकून तुम्ही मंडपाबाहेर गेला होतात?"

"ब्राउनवर गेलो होतो."

नाना धावत आले. "मॅडम, माणूस तोच, अक्षर तेच. घर तेवढं चुकलं."

"नियमात घरच बघतात, नाना. मला ऑफिसला फोन करावा लागेल. माझ्या फोनला इथे रेंज नाही, रस्त्यापर्यंत जाते. दहा मिनिटं."

कार्ड टेबलावरच राहिलं. मुद्दाम ठेवलं की विसरली, कादरला कळलं नाही. कळून घ्यावंसं वाटलंही नाही.

ती फाटकाबाहेर गेली तशी नानांनी पेनाची दोरी ओढली. "धर. कर दे सही."

"नाना..."

"कोन देखस रे? पंधरा वरीस मी लोकेसना पाय धरेल शेत. एका चौकोनसाठे बठ्ठा पानीमां घालू?"

मंडपाच्या खांबाला टेकून धम्मपाल उभा होता. तो हळूच म्हणाला, "चाचा, मी भुसावळकडे तोंड करून उभा राहतो. मला इकडचं काही दिसत नाही." आणि खरंच वळला. पाठमोराच पुढे बोलला, "माझे अडुसष्टच फटके झालेत. वर्षातले सगळ्यात चांगले. स्पर्धा धरली नाही, तर ते अडुसष्ट कुठेच नाहीत."

कादरच्या हातात पेन होतं. बोटांच्या पेरांत ऑइलचा काळेपणा. त्याला नागपूरचा एक खेळाडू आठवला. सातव्या स्पर्धेत तो सही विसरला होता आणि डब्यापाशी येऊन विनवत होता. डबा तेव्हा कादरच्या ताब्यात. कादरने त्याला चहा पाजला होता, बाकावर बसवलं होतं. डबा उघडला नव्हता. पेटीत पडलं ते पडलं, असं म्हणाला होता. त्याचं नाव काही केल्या आठवेना.

त्याने पेनाला टोपण लावलं.

"पेटीत पडेल शे, नाना."

"गाढव शेस तू."

"शे."

नानांनी गोळी काढली, पाण्याशिवाय गिळली. धम्मपाल वळला, टेबलाकडे पाहिलं. आपली गोल्फच्या काठ्यांची पिशवी उचलून बसथांब्याच्या दिशेने चालू लागला, मग अर्ध्यातून परत आला. उद्या खेळायचंच होतं.

मृणाली आली. कार्ड उचलून उजवी चौकट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग त्यावर लाल रेघ मारली आणि यादीखाली आकडा लिहिला. तेवीस.

"उद्या खेळ होईल," ती म्हणाली. "परवाही. बक्षीस समारंभ होईल. फक्त कुठे धरलं जाणार नाही."

"मी बाद ना?"

"हो."

"मग उद्या वनाला येऊ नको म्हणून सांगतो," कादर म्हणाला. "ब्राउनवर मी आहे."



त्या दिवशी सकाळी सात वीसला नानांनी पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, कादरचं नाव खेळाडू म्हणून पुकारलं, तेव्हा तिथे अकरा माणसं उभी होती.