पोळपाटावरची चतुराबाई

"गुरुजी, कोरलं तं लाकडाले दुखते का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून आमच्या शालूनं भर वर्गात चित्रकलेच्या गुरुजींना हे विचारलं. गुरुजी म्हणाले, "तुझ्या डोक्याला दुखतं तितकंच." अख्खा वर्ग खिदळला.

मित्रांनो, दुखतं! मला विचारा. मी अकोल्यातला एक जुना सागवानी पोळपाट आहे. अकोटच्या सुतारानं मला घडवलं, तीन पाय ठोकले, आणि शालूच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, माझ्यावर वर्षानुवर्षं पोळ्या लाटल्या. असा सपाट पोळपाट साऱ्या गल्लीत नाही, ही माझी कीर्ती!

त्या सपाटपणावरच शालूचा डोळा. गल्लीतल्या चतुराबाई स्वतः गाणी जुळवत आणि डफावर म्हणत. त्या गाण्यांपायी शालू वेडी! त्यांच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी तिनं छत्रीची तार घासून धार काढली आणि माझ्या छातीवर त्यांचं चित्र कोरलं. काजळी जवसाच्या तेलात कालवून फासली, वर कागद ठेवून वाटीनं घासला. काय ठसा उठला! हुबेहूब चतुराबाई!

पण ठशात डावं ते उजवं होतं, हे शालू विसरली. पदर भलत्याच खांद्यावर. बाजारात भिंतीवर तिनं डकवलेला कागद पाहून माणसं पोट धरून हसली. चतुराबाईंनी तो टरकावला. "कावून वं पोरी, मले पदर घेता येत नाही का?"

घरी शालूच्या वडिलांनी, देवरावांनी, रंधा काढला. "धर," म्हणाले, आणि मला शालूलाच धरायला लावलं. चतुराबाईंचे डोळे, ओठ, डफ सालपटं होऊन तिच्या बोटांवरून गळाले. शालूच्या दुर्गाआत्यानं ती चुलीत घालून चहा केला.

"पी वं. तुही चतुराबाई उकळली."

शालू प्यायली. सगळा.

दुसऱ्या दिवशी तिनं मला पालथं घातलं आणि पाठ सपाट व्हावी म्हणून वरवंट्यानं माझे तिन्ही पाय मोडले. दया म्हणून नाही! मग पाठीवर तार चालवली, खोल. पण यावेळी पदर उलट्या खांद्यावर कोरला. चित्र अर्धंच होतं, तरी एक ठसा काढून चतुराबाईंना दाखवला. त्यांनी तो निरखला आणि आपला पदर तेवढा सारखा केला.

म्हणून सांगतो मित्रांनो, लाकडाला जपायचं असेल तर त्याला अर्ध्यावर सोडू नका. कोरायचं तर पुरतं कोरा.

संध्याकाळी देवराव पुन्हा रंधा घेऊन आले. शालू जागची हलली नाही.

"माय, तू नवा पोळपाट घे. बा, मॅट्रिक झाली का मी नागपूरले चित्रकला शिकाले जाणार. तो रंधा ठेवा खाली अन् बसा. आज पोळपाट तुमी धरा. डफ कोराचा राहिला हाये."