तांब्याचा रंग

"काका, कुठवर आलाय तुम्ही? मला निघावं लागलं बघा. नातीच्या शाळंतनं फोन आला, पडलीय ती. काकू बसल्यात घरात, बाहेरनं कडी लावलीय."

दिवसा काकूंना सांभाळायला येणाऱ्या कांताबाईंचा फोन आला तेव्हा अनंतराव पाळंदे बसमध्ये उभे होते. आजारी मित्राला भेटायला खडकीला गेले होते, आता परत निघाले होते. "अहो, पण गॅस बंद केलाय ना?" त्यांनी विचारलं. तोवर फोन कट झाला होता.

त्यांनी लगेच घरी लावला. रिंग वाजत राहिली. त्यांच्या पत्नी, कुसुमताई, हल्ली फोन वाजला की दार उघडायला जायच्या. आता दारही उघडणार नव्हतं. बाहेरून कडी! आत काही पेटलं तर? गेल्याच आठवड्यात त्यांनी दूध तापत ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसल्या. पातेलं जळून कोळसा झालं, तेव्हा अनंतराव घरात होते म्हणून निभावलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकटं सोडू नका.

स्वारगेटच्या चौकात बस अडकली. पुढे गाड्या हलेनात. त्यांनी पुन्हा फोन लावला, पुन्हा रिंग.

"ओ आजोबा, दारातून बाजूला व्हा, नाहीतर उतरा तरी," कंडक्टर म्हणाला.

ते उतरले. घरी, अरण्येश्वरला जायला पहिल्या रिक्षावाल्याने नकार दिला, दुसरा तयार झाला. रिक्षा सुटली तरी त्यांचा पाय पुढच्या पत्र्यावर दाबलेलाच होता, जणू त्याने ती जोरात पळणार होती. सोसायटीच्या फाटकातून त्यांनी आधी वर पाहिलं. खिडकीतून धूर येत नव्हता. तरी जिन्यात ते कुठे थांबले नाहीत.

कडी काढली. गॅसचा वास नव्हता. चिंचेचा होता.

कुसुमताई स्वयंपाकघरात फरशीवर पदर खोचून बसल्या होत्या. पुढ्यात परात, परातीत भिजवलेली चिंच आणि मीठ. शेजारी टॉवेलवर ओळीने मांडलेली नाणी. सगळी लख्ख गुलाबी, नुकत्याच घासलेल्या गडूसारखी.

"आलात?" त्या म्हणाल्या. "काय काळी पडली होती हो! दिवाळी तोंडावर आली, कुणाचं लक्षच नाही."

दिवाळी होऊन दोन महिने झाले होते.

अनंतराव चौकट धरून उभे राहिले. ही सुखरूप आहे, एवढंच आधी कळलं. मग नाणी दिसली.

अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हाचे ते तांब्याचे सेंट, जुन्या चांदीच्या रुपयाएवढे. चाळीसएक वर्षांपूर्वी जुन्या वाड्यात त्यांच्या वरच्या खोलीत एक अमेरिकन विद्यार्थी संस्कृत शिकायला राहिला होता, त्याने जाताना पहिलं नाणं हातावर ठेवलं. टेलिफोन ऑफिसात कारकून असलेल्या अनंतरावांना वेड लागायला तेवढं पुरलं. मग पत्रं लिहून, परदेशी निघालेल्यांना गळ घालून, इतर हौसांना कात्री लावून त्यांनी एकेक मिळवलं. त्या नाण्यांचा जीव त्यांच्या रंगात. दोनशे वर्षांत चढलेला तो गडद चॉकलेटी रंग एकदा निघाला की पुन्हा येत नाही. साधं बोटही त्यावर लागू द्यायचं नाही, कडेने धरायचं. आणि पुढच्या आठवड्यात ती पहिल्यांदाच प्रदर्शनात ठेवायची होती. प्रदर्शनाची जमवाजमव करणारा सौमित्र संध्याकाळी फोटो काढायला येणार, म्हणून सकाळी पेटी कपाटातून त्यांनीच काढली होती.

"कुसुम!" ते ओरडले.

कुसुमताईंचा हात थबकला. चेहऱ्यावर तो हल्लीचा भाव आला. काहीतरी चुकलंय, पण काय ते सापडत नाही.

अनंतराव खाली बसले आणि पेटी मांडीवर ओढून घेतली. तीन-चार नाणी अजून कागदी पाकिटांत होती. त्या विद्यार्थ्याने दिलेलंही त्यांतच होतं.

"ती राहिलीत," कुसुमताईंनी चिंचेने बरबटलेला हात पुढे केला. "द्या इकडे."

कित्येक महिन्यांत या हातांनी पलंगपोसाच्या कडा ओढण्यापलीकडे कुठलंही काम तडीस नेलं नव्हतं. आज अंगठा कसा गोल, सराईत फिरत होता. अनंतरावांनी पाकीट उघडलं. नाणं काढलं, सवयीने कडेने धरलं, थोडा वेळ धरूनच ठेवलं.

मग कुसुमताईंच्या तळहातावर ठेवलं.

सौमित्र पाचच्या सुमारास आला. खराडीत सॉफ्टवेअरची नोकरी आणि नाण्यांचा नाद. कॅमेरा काढता काढता त्याची नजर टॉवेलवर गेली.

"काका... हे काय?"

"मी घासली," अनंतराव म्हणाले. "म्हटलं, प्रदर्शनात लोकांना दिसायला नकोत का?"

"काहीतरीच सांगू नका!" कुसुमताई आतून आल्या. "यांनी उभ्या जन्मात एक वाटी विसळली नाही. मी घासली सगळी. एकटीने."

सौमित्रने काकांकडे पाहिलं. मग तो उकिडवा बसला, एक नाणं उचललं, उजेडाकडे फिरवलं.

"लख्ख निघालीत, काकू," तो म्हणाला.

"तुझ्याकडेही असतील ना? आण हो. चिंच आहे शिल्लक."

"आणतो," सौमित्र म्हणाला आणि हळूच बॅगेची चेन लावली.

जिन्यात तो घुटमळला. "काका, प्रदर्शनातलं आपलं टेबल..."

"दुसऱ्या कुणाला तरी दे."

"सॉरी, काका."

"तू कशाला सॉरी? तुझा चहा मात्र राहिला."

ते आत आले तेव्हा कुसुमताई खिडकीशी एक नाणं डोळ्यांजवळ धरून बसल्या होत्या.

"ही कोण हो बाई? केस बघा कसे मोकळे. हिला घरात कुणी वेणी घालून देत नाही वाटतं."

नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या त्या केसांची एकेक बट अनंतरावांनी भिंगातून पाहिली होती, वर्षानुवर्षं. ते कुसुमताईंकडे बघत राहिले. दुपारी कांताबाई त्यांची वेणी घालायच्या. आज ती राहिली होती. पांढरे केस खांद्यांवर पसरले होते, त्यांत चिंचेचा एक धागा अडकला होता.

त्यांनी आरशाखालचा कंगवा आणला, स्टूल ओढलं आणि त्यांच्या मागे बसले. आधी तो धागा काढला. मग केसांचे तीन भाग करायला घेतले. एक धरावा तर दुसरा निसटत होता.

"ओढलं गेलं तर सांग."

"हं," कुसुमताई म्हणाल्या, आणि नाणं मुठीत धरून मान ताठ करून बसल्या.