ढगात कान खोटं बोलतात

"फिरवा! अजून जोरात फिरवा!"

विमानं बाहेर ढकलून हँगरमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर तीनशे माणसं दाटीवाटीने बसली होती. मधोमध फळ्यांच्या मंचावर एक फिरती खुर्ची, खुर्चीत अंतर्नेत्र गुरुजी, आणि गुरुजींच्या डोळ्यांवर काळ्या मखमलीची तिपदरी पट्टी. दोन चेल्यांनी खुर्ची भोवऱ्यासारखी गरगरा फिरवली आणि खाडकन धरली. गुरुजींचा हात वर गेला. बोट हवेत जरा घुटमळलं आणि नेमकं उत्तरेच्या भिंतीवर जाऊन थांबलं.

टाळ्यांनी पत्र्याचं छत दणाणलं. एका आजोबांनी तर डोळेच पुसले.

"कबुतराला घरची वाट कोण सांगतं?" गुरुजींनी सुरू केलं. "मेंदूच्या गाभ्यात तिळाएवढा एक बिंदू आहे, तो सांगतो! तो जागा झाला की डोळे नकोत, नकाशा नको, विमानातली ती तबकड्यांची फळीही नको. परदेशी शास्त्रज्ञांना हे सगळं ठाऊक आहे, फक्त ते कुणाला सांगत नाहीत."

"सांगत नाहीत, तर ह्याच्या कानात येऊन कोण पुटपुटलं?" शेवटच्या रांगेतून कॅप्टनबाई म्हणाल्या. शेजारच्या मिस्त्रींना हसू आलं. बाईंना आलं नाही.

कॅप्टनबाई या विमानशाळेतल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका. सव्वीस वर्षं त्या एकच गोष्ट शिकवत आल्या होत्या: ढगात शिरल्यावर, खिडकीबाहेर नुसता पांढरा कापूस उरल्यावर, फक्त समोरच्या यंत्रांकडे पाहून विमान कसं चालवायचं. आज त्या मालकांच्या हुकमाने इथे बसल्या होत्या. पाच महिन्यांपूर्वी शाळेचं एक विमान पडलं होतं आणि तेव्हापासून प्रवेश आटले होते. मालकांनी त्यावर तोडगा काढला होता तो हा. सोमवारपासून प्रत्येक विद्यार्थ्याने ढगातल्या परीक्षेआधी गुरुजींचं शिबिर करायचं.

"बाई, लोकांना धीर वाटतो हो," मालक म्हणाले होते.

"धीर वाटून विमान सरळ होत नाही," बाई म्हणाल्या होत्या. पण मालकापुढे शहाणपण चालेना.

आता गुरुजी पहिल्या रांगेकडे वळले. तिथे एक शिंपीणबाई बसली होती. बोटांना सुईची भोकं, मांडीवर मुलाचा फोटो. पडलेल्या विमानात तिचाच मुलगा होता. एकटाच.

"या माउलीचा मुलगा का गेला?" गुरुजींनी आवाज ओला केला. "यंत्रांनी दगा दिला! त्याचा बिंदू अर्धवट जागा झाला होता. आणखी एक शिबिर केलं असतं, तर पोर आज आईपुढे जेवायला बसलं असतं."

शिंपीणबाईने मान खाली घातली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पोर त्यांच्या हाताखाली शिकलेलं होतं. अपघातानंतर त्यांनी विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातलं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं, एकदा नाही, नऊदा. ढगात शिरल्यावर सव्वा मिनिटाने मुलाचा शांत, खात्रीचा आवाज: "मी सरळच आहे. मला आतून कळतंय. यंत्रं चुकीचं दाखवताहेत." मग काही नाही. चौकशीत निघालं की सगळी यंत्रं धडधाकट होती. "आतून कळतंय" हे शब्द बाईंनी त्याला कधी शिकवले नव्हते.

मंचावर तिसऱ्यांदा खुर्ची फिरली. नेमक्या त्याच वेळी बाहेर कुणीतरी विमानाचं इंजिन सुरू केलं. भिंती थरथरल्या, बोलणं ऐकू येईना. चेल्यांनी खुर्ची थांबवली, गुरुजींनी बोट उचललं, ते डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं आणि शेवटी थांबलं ते स्वच्छतागृहाच्या दारावर.

लोक कुजबुजले. इंजिन बंद झाल्यावर गुरुजी कडाडले, "या जागेत कुणीतरी संशयी आहे! त्याच्या लहरींनी बिंदू झाकोळला!"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या पाहत होत्या उत्तरेच्या भिंतीकडे. तिथल्या कोपऱ्यात एक काळा स्पीकर होता, अख्ख्या हँगरमध्ये एकच, आणि त्यातून सकाळपासून अखंड बासरी वाजत होती, मघाशी इंजिनाच्या आवाजात बुडाली तेवढी सोडली तर.

बाई उठल्या आणि सतरंज्यांमधून वाट काढत पुढे गेल्या.

"संशयी मीच," त्या म्हणाल्या. "गुरुजी, आणखी एकदा करून दाखवा. पण बासरी बंद करून."

"संगीत हा साधनेचा भाग आहे!"

"विमानात बासरी नसते. इंजिन असतं."

"बाई, बसा खाली," मालक दबक्या आवाजात म्हणाले. चेले पुढे सरसावले. मागून कुणीतरी ओरडलं, "देवमाणसाची परीक्षा घेता?" बाईंना क्षणभर वाटलं, संपलं. उचलून बाहेर टाकतील आपल्याला.

तेवढ्यात शिंपीणबाई उभी राहिली. तिच्या आवाजात संशयाचा लवलेशही नव्हता.

"दाखवा ना गुरुजी. बासरी नसली म्हणून काय झालं? तुम्हाला काय अवघड आहे? यांचं तोंड एकदाचं बंद होऊ द्या."

सगळा जमाव गुरुजींकडे बघू लागला. शत्रूला नाही म्हणता येतं, भक्ताला कसं म्हणणार?

बासरी बंद झाली. इंजिनाच्या आवाजापासून बचावाला मिस्त्री वापरतात ते जाड कानझाकण बाईंनी गुरुजींपुढे धरलं. "फिरत असाल त्या बाजूला अंगठा करा. थांबलात की सरळ वर. मग उत्तर दिशा दाखवा. एवढंच." गुरुजींना पट्टी पुन्हा बांधून ते चढवावं लागलं.

खुर्ची बाईंनी स्वतः धरली. भिरभिरवली नाही. डावीकडे, संथ, एका लयीत फिरवत राहिल्या. गुरुजींचा अंगठा ऐटीत डावीकडे गेला. दहा सेकंद. पंधरा. वीस. अंगठा हळूहळू उचलला गेला आणि सरळ वर उभा राहिला.

खुर्ची फिरतच होती.

"अहो, फिरताहेत की अजून!" एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली.

बाईंनी खुर्ची अलगद थांबवली आणि दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले. खुर्ची दगडासारखी स्थिर. आणि गुरुजींचा अंगठा झपकन उजवीकडे गेला. एका जागी बसलेला माणूस तीनशे लोकांना सांगत होता, मी उजवीकडे फिरतोय! मग त्याने बोट उचलून उत्तर दाखवली. ती निघाली डिझेलच्या पिंपांकडे.

हशा उसळला. गुरुजींनी पट्टी ओढून काढली. "करणी केली हिने!"

"हसू नका!" बाई लोकांवरच ओरडल्या, आणि हशा थांबला. "यात हसण्यासारखं काही नाही. मला बसवा या खुर्चीत, माझाही अंगठा असाच चुकेल. कानाच्या आत पाण्यासारखा द्रव असतो. आपण वळलो की तो मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळण कळतं. पण वळण तसंच चालू राहिलं की द्रवही सोबत फिरायला लागतो, आणि कान सांगतो, थांबलास. थांबलं की द्रव पुढे वाहतो, आणि कान सांगतो, उलटा फिरतोस. माझा कान सव्वीस वर्षांनंतरही खोटंच बोलतो. फरक एवढाच, की तो खोटं बोलतो हे मला माहीत आहे."

त्या गुरुजींकडे वळल्या. "ढगात विमान कलतं, कान म्हणतो सरळ आहेस. विमान गोल गोल खाली जायला लागतं. अशा वेळी समोरची तबकडीच खरं सांगते. आणि तिच्यावरही आम्ही आंधळा विश्वास ठेवत नाही. एक तबकडी दुसरीशी ताडून बघतो, दुसरी तिसरीशी. तुम्ही काय शिकवलंत पोरांना? तपासू नका, आतून ऐका!"



शिंपीणबाई मंचावर चढली. मुलाचा फोटो तिने बाईंच्या हातात दिला आणि खुर्चीत बसून म्हणाली, "बांधा माझे डोळे."

"ताई, नको."

"बांधा म्हणते ना."

बाईंनी पट्टी बांधली आणि खुर्ची फिरवली, तितकीच संथ. शिंपीणबाईचा अंगठा डावीकडे गेला, मग हळूहळू वर आला. ती कितीतरी वेळ तशीच फिरत राहिली, अंगठा ताठ उभा. मग तिने स्वतःच पट्टी सोडली आणि भोवताली फिरणाऱ्या भिंती पाहिल्या.

"खरंच सरळ वाटतं हो," ती म्हणाली. "अगदी खरंच."

खुर्ची थांबल्यावर ती खुर्चीची पाठ धरून उठली. मग गुरुजींच्या पुढ्यात गेली. "त्याला ढगाची भीती वाटायची. मीच पाठवला तुमच्याकडे. भीती वाटत होती तोवर तो तबकड्यांकडे बघायचा. तुम्ही त्याची भीती घालवलीत."

गुरुजींनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी नजर चुकवली. "माउली, नियतीपुढे..." गुरुजींनी सुरुवात केली.

"माउली म्हणू नका मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. ठाणेदार भला माणूस होता, पण पेन धरून अडून बसला. "बाई, तक्रार काय लिहू? चोरी नाही, मारहाण नाही."

"लिहा," शिंपीणबाई म्हणाली, "माझ्या मुलाला खोटं शिकवलं, आणि ते खरं मानून तो मेला."

त्याने लिहिलं. पुढे खटला उभा राहील की नाही, कुणी सांगावं. शिबिराचा फलक मात्र त्याच दुपारी उतरला. कॅप्टनबाईंनी तो स्वतः शिडी लावून उतरवला, आणि मालक खाली शिडी धरून उभे होते.

गुरुजी दुसऱ्या कुठल्या गावात खुर्ची मांडतील यात शंका नाही. तिथे तुम्ही असाल, तर हात जोडण्याआधी हात वर करा आणि विचारा. सगळ्यांदेखत, परत एकदा, आमच्या अटींवर करून दाखवाल का? जो खरा आहे तो चिडणार नाही. आणि "आतून कळतंय" असं तुमचंच मन म्हणालं, तर त्यालाही हाच प्रश्न विचारा. मन चुकतं, कान चुकतो, यात लाज नाही. तपासायची सोय असताना न तपासणं, आणि दुसऱ्याच्या पोराला तपासू नकोस म्हणून सांगणं, हा मात्र गुन्हा आहे.