चार बोटांनी उतर

अनासेतो कोकोमने ते झाड लांबूनच ओळखलं. बुंध्यावर फुलीची खूण होती आणि फुलीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. अशी फुली त्या सगळ्या रानात एकच माणूस काढायचा. तो स्वतः.

तीन वर्षांपूर्वी चिकूच्या या झाडाला त्याने बुंध्यापासून फांद्यांपर्यंत नागमोडी खाचा पाडल्या होत्या आणि ओघळलेला चीक च्युइंगगमसाठी विकायला पिशवीत भरून नेला होता. खाचा अजून भरल्या नव्हत्या. सालीच्या कडा आत वळल्या होत्या, मधला भाग लालसर आणि ओला होता. चिकूला एकदा कापलं की पाच पावसाळे हात लावायचा नाही, हे चीक काढणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पण आदल्या संध्याकाळी तळावर स्वयंपाक करणाऱ्या निकासियाकाकूने त्याची पिशवी सगळ्यांसमोर एका बोटावर उचलून दाखवली होती.

"काय रे अनासेतो, हा चीक आहे की बायकोचं पत्र?"

सगळे हसले. त्याचा जोडीदार क्रिसान्तो तर ठसका लागेपर्यंत हसला.

"झाडं आटलीत, काकू," अनासेतो म्हणाला.

"झाडं नाही, तू आटलायस. ये, बस माझ्याशेजारी. मक्याच्या तोर्तिया थापायला शिकवते."

ते हसू त्याच्या कानातून रात्रभर गेलं नाही. म्हणून सकाळी त्याने बुटांना लोखंडी काटे बांधले, कमरेभोवती आणि झाडाभोवती एकच दोर टाकला आणि चढायला लागला. जुन्या दोन खाचांच्या मध्ये नवी खाच पाडत तो वीस हात वर आला. खाली पिशवीत चिकाची पांढरी धार लागली होती.

तेवढ्यात रान गप्प झालं.

आधी माकडं थांबली, मग पक्षी. मग पानांवरून ठिबकणारं पाणीही थांबलं, निदान अनासेतोला तसं वाटलं. त्याने खाली पाहिलं. बुंध्याशी एक टोपी उभी होती. चांगली परातीएवढी, गवताची विणलेली. तिच्याखाली जो कुणी होता तो कमरेइतकाही उंच नसावा. टोपीच्या काठाबाहेर, पुढच्या बाजूला, दोन टाचा दिसत होत्या.

तात दुएंदे! रानातल्या प्रत्येक जिवाचा राखणदार. त्याची पावलं उलटी, हाताला अंगठे नाहीत, आणि ज्याला आहेत त्याचे तो काढून घेतो. भेटलाच तर काय करायचं हे अनासेतोला आईने चालता यायच्या आधी शिकवलं होतं. त्याने कोयता सोडला. कोयता पिशवीला घासून गेला आणि मुळात खच्चकन रुतला. सगळा भार दोरावर टाकून त्याने दोन्ही अंगठे तळव्यात मिटले.

"हात दाखव."

आवाज मोठा नव्हता. तो झाडातून आला, बुटांच्या काट्यांमधून पोटऱ्यांत चढला.

अनासेतोने दोन्ही हात पुढे केले.

"बोटं किती?"

"आठ, आजोबा."

"म्हणजे माझ्यासारखीच."

"हो, आजोबा."

टोपी झाडाभोवती एक फेरी मारून आली. जिथे जिथे तो म्हातारा बुंध्यावर तळवा ठेवायचा, तिथून वरच्या शेंड्यापर्यंत पानं थरथरत जायची. एक रानडुकरीण पिलांसह झुडपातून आली आणि शेळीसारखी त्याच्या पाठीमागे उभी राहिली.

"आठ बोटांनी कोयता कसा धरलास?"

खोटं रेटावं तर समोर खाचा होत्या, जुन्या आणि नव्या. खरं सांगावं तर हात गेले. हातांवाचून चीक काढणारा माणूस म्हणजे काय? पण टोपीचा काठ वर उचलला गेला आणि त्याखालचे डोळे त्याला दिसले. तळ्याच्या तळाशी दिसावी तशी त्यांत सगळी झाडं होती, उभी असलेली आणि पडलेलीही. खोटं त्याच्या जिभेवर आलंच नाही. त्याने मुठी उघडल्या.

"दहा आहेत, आजोबा. खाचा माझ्याच. तेव्हाच्याही, आजच्याही."

"या झाडाला किती पावसाळे द्यायचे?"

"पाच."

"दिलेस किती?"

"तीन."

"उरलेले दोन तुझे अंगठे देतील. चार बोटांनी उतर आता."

तो उतरला. दोर पंजांनी सरकवत, सालीला छाती घासत. चढायला घटकाभरही वेळ लागला नव्हता. उतरेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. खाली चिखलात लहान पावलांचे ठसे होते, सगळे झाडाकडे तोंड केलेले. म्हणजे म्हातारा निघून गेला होता. अनासेतोने कोयता उपसायला हात घातला. अंगठे जागच्या जागी होते, पण वाळक्या काटकीसारखे ताठ. कोयता हलला नाही.

तळावर निकासियाकाकूने त्याचे हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"कुठलं झाड?"

"माझंच. तीन वर्षांचं."

काकू चुलीपाशी सरकली आणि त्याला जागा करून दिली.

तोर्तिया थापायला तळवे पुरतात. अनासेतोने दोन पावसाळे त्या थापल्या.

"काकू, सूनबाईंच्या तोर्तिया जाड झाल्यात हो," क्रिसान्तो रोज म्हणायचा.

"गुमान गिळ, नाहीतर उद्या सूनबाईशेजारी तू बसशील," काकू म्हणायची. तिच्या तळावरच्या एकाही माणसाने त्या दोन वर्षांत खाचा न भरलेल्या झाडाला कोयता लावला नाही.

पाचवा पावसाळा संपत आला. एका सकाळी अनासेतोच्या हातातल्या पिठाच्या गोळ्याला खड्डा पडला. अंगठ्याचा.

"तसाच भाज," काकू म्हणाली, "आणि घेऊन जा."

झाडापाशी कोयता होता तसाच मुळात रुतलेला. दोन पावसाळ्यांत पात्याला गंजाचा ठिपकाही नव्हता, आणि मुठीवर चार लहान बोटांनी घासून आलेली चकाकी होती. अनासेतोने बुंध्यावर अंगठा ठेवला आणि जुन्या खाचेच्या वाटेने तो वर नेत राहिला. शिवण कुठेच लागेना. साल सगळीकडे सारखी होती.

खड्डा पडलेली ती तोर्तिया त्याने मुळाशी ठेवली. कोयता एका ओढीत निघाला. बुंध्यावरच्या आपल्या फुलीशेजारी त्याने त्या वर्षी झाड न कापता सोडल्याची रेघ ओढली, अगदी उथळ, सालीच्या वरच्यावर, आणि पिशवी रिकामीच घेऊन पुढच्या झाडाची खूण वाचायला निघाला.