उपवास नसलेला मंगळवार

अमरने सुरी टेकवताच त्याच्या वाढदिवसाचा केक ताटात ढासळला होता, आणि त्याची बायको रीता तो भुगा चमच्याने पुन्हा पुन्हा एकत्र लोटत होती. वाळूला काठ देत बसावं तशी.

"वैनगंगेच्या रेतीले बी याच्यापरस चिकटा रायते," तिच्या सासूबाई, गोदावरीबाई, म्हणाल्या. "कायचा केला वो?"

"खोबऱ्याच्या पिठाचा, आई. गव्हाच्या मापानं घेतलं, तं चुकलं. सारं दही पिऊन टाकलं त्यानं."

"पण आज तं मंगळवार. आज तुहा उपास नाही, मंग खोबऱ्याचं पीठ कायले?"

चमचा थांबला.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. गहू रीताच्या आतड्यांना सोसत नव्हता, आणि ते घरी कळू द्यायचं नाही, असं अमरने लग्नाआधीच बजावलं होतं. दुपारी भात असे. रात्रीच्या पोळ्या टाळण्यासाठी तिने आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. उरलेल्या रात्री भूक नाही म्हणत ती ताटाभोवती नुसती वावरत राही. अड्याळ गावात तिच्या भक्तीचं कौतुक झालं. सासूबाईही तेच वार पाळू लागल्या. का, ते रीताने कधी विचारलं नाही. आज मात्र तिला साध्या दिवशी, सगळ्यांमध्ये बसून, त्यांच्याच ताटातलं खायचं होतं.

गोदावरीबाईंनी भुग्याची चिमूट जिभेवर ठेवली. मनगटावर सलाईनचा निळा डाग होता. गेल्या शनिवारी त्या चक्कर येऊन पडल्या होत्या.

"डॉक्टर म्हणते, उपास सोडा. कशी सोडू? सून लेकरू व्हावं म्हणून पोट मारते, अन् सासूनं ढेकर देऊन निजावं?"

रीताने अमरकडे पाहिलं. त्याचा गुडघा एकसारखा हलत होता. वर पंखा घरघरत होता, आणि ताटातला भुगा कडेकडेने उडत होता.

"लेकरासाठी नव्हते ते उपास, आई," ती म्हणाली. "मले गहू चालत नाही. लग्नाच्या आधीपासून. खाल्ला का पोट सोलून निघते."

गोदावरीबाईंनी स्वतःच्या मनगटावरच्या डागाकडे पाहिलं. मग हात लांबवून त्यांनी रीताच्या हातातला चमचा काढून घेतला, बाजूला ठेवला, आणि मुलाकडे वळल्या.

"तुले मालूम होतं?"

अमरचा गुडघा थांबला.

"सलाईन लागली तवा तूच बसला होता जवळ. मी कायले उपाशी राहून राहिली, थे तुलेच सांगतलं होतं न मी. तवा बी मालूम होतं?"

अमरने बोटांना चिकटलेला भुगा ताटात झटकला. उठला, दारातल्या चपला पायांनीच चाचपून सरळ केल्या, आणि अंगण ओलांडून रस्त्याला लागला.