लालसर नमुने

धाकट्याने रक्ताच्या नमुन्याची नळी उजेडात धरली. रक्त गोठल्यावर वर साचणारं पाणी फिकट पिवळं असायला हवं. हे लालसर होतं. नमुना उन्हात तापला की रक्तातल्या पेशी फुटतात आणि असं रक्त चाचणीला चकवू शकतं, हे प्रयोगशाळेतल्या पंधरा वर्षांत तो शिकला होता. पण हे नमुने त्याच्या सख्ख्या ताईच्या कोंबड्यांचे होते. नमुने पुन्हा मागवले असते, तर लोक म्हणाले असते, बहिणीला वाचवतोय. म्हणून त्याने मुकाट्याने चाचणी केली. बर्ड फ्लूची लागण निघाली. त्याने सही ठोकली.

नवरा गेल्यावर ताईने एकटीने नऊशे कोंबड्या वाढवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या मारून पुरल्या गेल्या.

"तडफडून मेल्या असत्या बिचाऱ्या," ताई मनाची समजूत घालत राहिली. "तू वेळेवर ओळखलंस म्हणून बरं."

पंधरवड्याने मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: लागण नव्हतीच. त्याच्या साहेबांनी तो फायलीत सारला. धाकट्याला मात्र अन्न गोड लागेना. वर्षभर तो निरोगी कोंबड्यांचं रक्त मुद्दाम उन्हात ठेवून तपासत राहिला. दहातल्या तीन वेळा चाचणी खोटं बोलली. मग तो हात धुऊन साहेबांच्या मागे लागला. शेवटी नियम झाला: लालसर नमुना तपासायचा नाही, आणि दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीने दुजोरा दिल्याशिवाय एकाही पक्ष्याला हात लावायचा नाही.

नियम निघाला त्या दुपारी तो ताईकडे गेला. ती आता कपडे शिवून द्यायची. त्याने सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"म्हणजे ठणठणीत होत्या?"

"हो."

"आणि ते लाल पाणी तुला तेव्हाच दिसलं होतं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "दिसलं होतं, ताई. लोक काय म्हणतील म्हणून..."

"दुसऱ्या कुणाच्या असत्या, तर पुन्हा मागवले असतेस ना रे नमुने?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग मी तुझी बहीण नसते तरच बरं झालं असतं."

ताईने सुईतला दोरा ओढून काढला, पुन्हा ओवायचा प्रयत्न केला.

"नियम चांगला केलास," ती म्हणाली. "आणखी कुणाच्या तरी वाचतील."

मग ती आत गेली. तो ओट्यावर बसून राहिला. तिने त्याला जा म्हटलं नाही, आणि थांबही म्हटलं नाही.